रानझाडांचा विश्वस्त : हॅरॉल्ड पिअर्सन

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात थोरांची चरित्रे लिहावयाची म्हटले की आपण बहुधा राष्ट्रपुरुष, संत, कवी किंवा सेनानी यांच्याकडे वळतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याने राज्य जिंकले नाही, सभा गाजविल्या नाहीत, केवळ एक पडीक शेत हाती घेऊन त्यात त्या भूमीच्या झाडांना घर मिळवून दिले, अशा माणसाचे चरित्रही अभ्यासण्याजोगे असते असे मला वाटते. दक्षिण आफ्रिकेतील किर्स्टनबॉश या जगप्रसिद्ध वनस्पती उद्यानाचे संस्थापक प्राध्यापक हॅरॉल्ड पिअर्सन हे असे गृहस्थ होते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. पाने, फुले आणि मुळ्या यांपेक्षा नावे आणि जमा यांच्याशी माझा परिचय अधिक. तरीही पिअर्सन यांचे चरित्र मला आकर्षून घेते, कारण त्यांच्या आयुष्यात हिशेबशास्त्राचाच एक मोठा प्रश्न दडलेला आहे. ज्या वस्तूला बाजारात किंमत नाही, तिची नोंद वहीच्या कोणत्या बाजूला करावयाची?

आपल्या भाषेतच पाहा. मराठीत आपण रानकेळ म्हणतो, रानतुळस म्हणतो, रानहळद म्हणतो. याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारे माझे मित्र त्याच अर्थाने काडु बाळे, काडु मल्लिगे म्हणतात. दोन्ही भाषांत रान किंवा काडु हा शब्द मागे लागला की ती वस्तू खऱ्या वस्तूची हलकी प्रत ठरते. खरे केळे ते बागेतले, रानातले केळे नुसते नावापुरते. माणसालाही आपण रानटी म्हणतो तेव्हा त्याचा गौरव करीत नाही. वास्तविक रानकेळ ही बागेतील केळीची आई आहे. पण आपोआप उगवणाऱ्या गोष्टीला मोल द्यावयाचे नाही, ही सवय सर्व देशांत सारखीच दिसते. पिअर्सन यांनी या सवयीशी आयुष्यभर झगडा केला.

हेन्री हॅरॉल्ड वेल्च पिअर्सन यांचा जन्म २८ जानेवारी १८७० रोजी इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात लाँग सटन या गावी झाला. केंब्रिज विद्यापीठात ते इतरांच्या मानाने उशिरा, पंचविशी उलटल्यावर पोचले. पण तेथे निसर्गविज्ञानात त्यांनी पहिला वर्ग मिळविला. विद्यार्थिदशा संपते न संपते तोच ते सिलोनला गेले. सिलोनच्या डोंगराळ भागात पटना नावाची विस्तीर्ण गवताळ माळराने आहेत. चहाच्या मळ्यांनी वेढलेल्या त्या माळांकडे मळेवाल्यांचे लक्ष असण्याचे कारण नव्हते. पिअर्सन यांनी त्याच माळांवरील वनस्पतींचा अभ्यास केला आणि १८९९ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी लंडनजवळील क्यू येथील सुप्रसिद्ध राजकीय उद्यानात त्यांना जागा मिळाली. तेथील शुष्क वनस्पतिसंग्रहात जगाच्या कानाकोपऱ्यातून वाळवून पाठविलेली पाने-फुले तपासणे, त्यांची नावे निश्चित करणे, हे त्यांचे काम होते.

येथे वाणिज्याच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. त्या काळातील वनस्पती उद्याने म्हणजे निव्वळ शोभेच्या बागा नव्हत्या. त्या साम्राज्याच्या व्यापारी पेढीच्या शाखाच होत्या. कलकत्त्याजवळ शिबपूर येथे १७८७ मध्ये उद्यान निघाले, ते कंपनीला उपयोगी पडणारी परदेशी झाडे हिंदुस्थानात रुजविता यावीत म्हणून. सिलोनमध्ये पेरादेनिया येथे १८२१ मध्ये उद्यान निघाले. आपल्या पुण्याजवळ दापोडी येथेही १८२८ मध्ये अशी एक सरकारी बाग होती. क्यू हे या सर्व शाखांचे मुख्य कार्यालय. ब्राझीलमधील रबराचे बी १८७६ मध्ये क्यूला आले, तेथे त्याची रोपे झाली, ती सिलोनला गेली आणि पुढे आशियात रबराचे मळे उभे राहिले. सिंकोना, म्हणजे क्विनाइनचे झाड, असेच दक्षिण अमेरिकेतून आपल्याकडे आले. एका खंडातील झाड दुसऱ्या खंडात नेऊन त्याचा माल करावयाचा, हा त्या उद्यानांचा धंदा होता. स्थानिक रानझाडांचे नमुने तेथे तपासले जात, पण ती झाडे स्वतःच्या भूमीत सुखरूप राहावीत एवढ्यासाठी कोणी उद्यान काढीत नव्हते. पिअर्सन याच पेढीत तयार झाले, हे लक्षात ठेवले म्हणजे त्यांनी पुढे जे केले त्याचे वेगळेपण कळते.

१९०३ मध्ये ते केपटाऊनला आले. तेथील साउथ आफ्रिकन कॉलेजमध्ये वनस्पतिशास्त्राचे नवे प्राध्यापकपद निर्माण झाले होते. हॅरी बोलस नावाच्या वनस्पतिप्रेमी गृहस्थाचे नाव त्या पदाला दिलेले होते. हेच कॉलेज पुढे १९१८ मध्ये केपटाऊन विद्यापीठ झाले. पिअर्सन तेव्हा तेहतीस वर्षांचे होते.

केप प्रांतातील वनस्पतिसंपत्तीचा विचार करताना मन थक्क होते. आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाशी सुमारे ९० हजार चौरस किलोमीटरची एक पट्टी आहे. तेवढ्या जागेत जवळजवळ ९ हजार जातींच्या वनस्पती आहेत, आणि त्यांतील दर तीन जातींपैकी सुमारे दोन जगात अन्यत्र कोठेही आपोआप उगवत नाहीत. या झुडपी रानाला तेथे फेनबॉस म्हणतात. प्रोटियाची थाळीएवढी फुले, एरिकाच्या शेकडो जाती, वेताच्या काड्यांसारखी दिसणारी रेस्टिओ ही सारी या रानाची प्रजा. आपल्या बागांतील ग्लॅडिओलस, फ्रीझिया आणि कुंड्यांतील जिरॅनियम यांचे पूर्वजही प्रामुख्याने तिकडचेच. युरोपातील खलाशी व माळी यांनी ही फुले दोनशे-अडीचशे वर्षे उचलून नेली, त्यांची कलमे केली, नवे वाण काढले आणि विकले. प्रत्यक्ष केपमध्ये मात्र गोरे वसाहतवाले आपल्या अंगणात इंग्लंडचे गुलाब आणि ओक लावीत होते. दारातली फुले लोकांना तण वाटत होती आणि ती परदेशच्या फुलबाजारात पैसा मिळवून देत होती.

पिअर्सन केवळ वर्गात शिकविणारे प्राध्यापक नव्हते. नैऋत्य आफ्रिकेच्या नामिब वाळवंटात वेलविचिया नावाची एक अद्‌भुत वनस्पती आहे. १८५९ मध्ये फ्रीडरिख वेल्विच या संशोधकाला ती अंगोलात प्रथम आढळली, आणि त्याच्यावरून तिचे नाव पडले. बीजपत्रे सोडली तर या वनस्पतीला जन्मभरात फक्त दोन पाने येतात. ती पाने कधी गळत नाहीत. बुडाकडून वाढत राहतात, टोकाकडे वाऱ्याने व वाळूने फाटून त्यांच्या चिंध्या होतात, आणि असा हा पसारा शेकडो वर्षे, कित्येकदा हजार वर्षांहूनही अधिक काळ जगतो. पाऊस जवळजवळ नाहीच. समुद्रावरून येणारे धुके हाच मोठा आधार. फुलझाडे आणि सुरू-देवदारासारखी सूचिपर्णी झाडे यांच्यात या वनस्पतीचे स्थान कोठे, हा त्या वेळी शास्त्रज्ञांपुढील मोठा प्रश्न होता.

तो सोडविण्यासाठी पिअर्सन १९०४ मध्ये तिकडे गेले. तो मुलूख तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता आणि त्याच सुमारास हेरेरो लोकांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. पिअर्सन यांना मोहीम आटोपती घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते पुन्हा गेले, १९०८-०९ मध्ये आणखी लांब, अंगोलापर्यंत गेले. त्या मोहिमांतून त्यांनी वेलविचियाच्या जननक्रियेचा व बीजनिर्मितीचा सूक्ष्म अभ्यास केला. वेलविचियाच्या नात्यातील नीटम या वंशाचा एक वेल आपल्या सह्याद्रीच्या दाट रानातही वाढतो, ही गोष्ट आपल्याला कौतुकाची वाटावी. या सर्व गटावरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९२९ मध्ये केंब्रिजहून प्रसिद्ध झाला.

या भ्रमंतीत त्यांनी पाहिले की केपची रानझाडे झपाट्याने नाहीशी होत आहेत. शेती वाढत होती, गुरे चरत होती, वणवे लागत होते, परदेशी झाडे रान व्यापीत होती, आणि फुले तोडून बाजारात विकली जात होती. वाळवून कागदावर चिकटविलेला नमुना शास्त्रज्ञाला पुरतो, पण त्यापासून बी धरत नाही. त्यासाठी जिवंत संग्रह हवा. १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील चार वसाहती एकत्र होऊन संघराज्य बनले. त्याच वर्षी पिअर्सन यांनी एका शास्त्रीय परिषदेपुढे राष्ट्रीय वनस्पती उद्यानाची कल्पना मांडली. नव्या राष्ट्राला स्वतःची संसद, स्वतःचे निशाण हवे असते, तसे स्वतःच्या वनस्पतींचे उद्यानही हवे, असा त्यांच्या विचाराचा रोख होता.

जागेचा प्रश्न फेब्रुवारी १९११ मध्ये सुटला. नेव्हिल पिलन्स या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर घोडागाडीत बसून ते टेबल माउंटनच्या पूर्वेकडील उतारावर असलेले किर्स्टनबॉश नावाचे शेत पाहावयास गेले. मागे उभा कडा, कड्यातून उतरणारे ओढे, बारमाही पाण्याचा झरा, आणि शेताच्या वरच्या अंगाला अजून शिल्लक असलेले मूळ रान. ती जागा पाहताच पिअर्सन यांचा निश्चय झाला. उद्यान व्हावयाचे तर ते येथेच.

या शेताचाही एक इतिहास आहे. डच कंपनीचा अधिकारी यान व्हॅन रीबेक याने १६५२ मध्ये केपला वसाहत केली. तेथील मूळचे खोईखोई लोक व त्यांची गुरे वसाहतीत येऊ नयेत म्हणून १६६० मध्ये त्याने एक लांबच लांब कुंपण लावविले. ते होते तेथल्याच रानबदामाचे. त्या कुंपणाचा काही भाग किर्स्टनबॉशच्या हद्दीत आजही जिवंत आहे. पुढे शेताचे अनेक मालक झाले. १८९५ मध्ये सेसिल ऱ्होड्स या धनाढ्य मुत्सद्द्याने ते ९ हजार पौंडांना विकत घेतले. त्याने तेथे कापराच्या झाडांची दुतर्फा रांग लावली आणि १९०२ मध्ये मरताना ती मालमत्ता राष्ट्राला देऊन टाकली. राष्ट्राने मात्र त्या देणगीकडे नऊ-दहा वर्षे ढुंकूनही पाहिले नव्हते.

मे १९१३ मध्ये खाणमालक व संसद सदस्य सर लायोनेल फिलिप्स यांनी संसदेत उद्यानाचा ठराव आणला. संसदेतील सभासद हे प्रामुख्याने शेतकरी, वकील आणि व्यापारी. त्यांना केवळ फुलांचे सौंदर्य सांगून पैसे मिळणार नव्हते. म्हणून देशी वनस्पतींच्या आर्थिक उपयोगावरही भर देण्यात आला. बुचू नावाच्या सुगंधी झुडपाची पाने औषधासाठी युरोपात निर्यात होत. अशा झाडांची लागवड करून पाहणे हे उद्यानाच्या कामात धरण्यात आले. उद्यानाला लोकांचा आधार असावा म्हणून जून महिन्यात वर्गणीदार सभासदांची एक वनस्पती संस्थाही स्थापन झाली. अखेर १ जुलै १९१३ रोजी किर्स्टनबॉश हे राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आले. एखाद्या देशाने स्वतःच्याच देशी वनस्पतींच्या जतनासाठी उघडलेले हे जगातील पहिले वनस्पती उद्यान समजले जाते.

आता अंदाजपत्रक पाहा. सरकारने मंजूर केलेले अनुदान होते वर्षाला फक्त १ हजार पौंड. त्यातून मजुरी, अवजारे, रोपे, कुंपण, सारेच भागवावयाचे. संचालकाच्या पगाराचा रकाना कोराच होता, कारण पगाराला पैसा उरतच नव्हता. पिअर्सन यांनी प्राध्यापकपद सांभाळून मानसेवी संचालक होण्याचे कबूल केले. म्हणजे ज्या संस्थेसाठी त्यांनी तीन वर्षे खटपट केली, तिच्याकडून स्वतःसाठी त्यांनी एक पेनीही घेतली नाही. क्यूच्या तालमीतले जे. डब्ल्यू. मॅथ्यूज हे पहिले बागप्रमुख नेमले गेले.

हाती आलेले शेत भयंकर अवस्थेत होते. जुने घर पडके, फळबागेत तण माजलेले, सर्वत्र परदेशी झाडोरा वाढलेला. ओकच्या झाडांखाली पडणारी फळे खाण्यासाठी डुकरांचे कळप मोकाट फिरत आणि ओढ्याच्या डबक्यांत लोळत. पिअर्सन व मॅथ्यूज यांनी प्रथम सफाईला आरंभ केला. अनुदान पुरत नसे तेव्हा तोडलेल्या झाडोऱ्याचे सरपण आणि ओकची फळे विकून तूट भरून काढली जाई. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला या नोंदीची मोठी गंमत वाटते. ज्या परदेशी झाडांनी देशी झाडांची जागा बळकावली होती, त्यांचीच लाकडे व फळे विकून देशी झाडांच्या घराचा खर्च निघत होता. याहून न्याय्य वसुली दुसरी कोणती?

लागवडीची पहिली मोठी जागा पिअर्सन यांनी सायकॅड या झाडांना दिली. ताडासारखी दिसणारी ही झाडे ताडाच्या नात्यातली नव्हेत. फुलझाडे पृथ्वीवर येण्यापूर्वी, प्रचंड सरड्यांच्या युगात, त्यांच्या पूर्वजांची राने होती. ती अतिशय सावकाश वाढतात. त्यांचे नर व मादी वृक्ष वेगवेगळे असतात. पिअर्सन यांनी आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतून सायकॅड जमवून झऱ्याच्या वरच्या उतारावर अर्धवर्तुळाकार लावले. त्यांतील कित्येक झाडे शतक उलटून गेले तरी त्याच जागी उभी आहेत. सावलीसाठी वा फळासाठी झाड लावणारा स्वतःच्या हयातीत काही अपेक्षा धरू शकतो. पण सायकॅड लावणाऱ्याला आपण ते पूर्ण वाढलेले पाहणार नाही हे पहिल्या दिवसापासूनच ठाऊक असते.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. सरकारचे लक्ष व पैसा दोन्ही तिकडे वळले. पिअर्सन दिवसभर कॉलेजात शिकवीत, उरलेला वेळ बागेला देत, आणि त्यातून वेलविचियावरील लेखनही चालू ठेवीत. १९१६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद निवडले. शास्त्रज्ञाला याहून मोठा सन्मान त्या काळी क्वचितच मिळे. परंतु त्याच वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला आणि ३ नोव्हेंबर १९१६ रोजी वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. उद्यान तेव्हा सव्वातीन वर्षांचे होते. त्यांना किर्स्टनबॉशमध्येच, त्यांच्या लाडक्या झाडांजवळ, पुरण्यात आले. थडग्यावरील मजकूर येणाऱ्याला सांगतो की त्यांचे स्मारक पाहावयाचे असेल तर सभोवार नजर टाकावी.

चरित्रनायकाचे गुण सांगताना त्या काळाचे दोष झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्या संसदेने १ जुलै १९१३ पासून देशी वनस्पतींसाठी जमीन राखून ठेवली, त्याच संसदेने त्याच्या आदल्याच महिन्यात देशी माणसांच्या जमिनीचा कायदा केला होता. जून १९१३ च्या त्या कायद्याने काळ्या आफ्रिकनांना देशाच्या सुमारे ७ टक्के जमिनीबाहेर जमीन विकत घेण्यास किंवा खंडाने घेण्यास मनाई झाली. आपल्या लोकांचीही स्थिती बरी नव्हती. मुदतीच्या कराराने नेलेल्या हिंदी मजुरांवर, करार संपल्यावर, नाताळमध्ये तीन पौंडांचा डोईकर होता. त्याची चौकशी करण्यासाठी नामदार गोपाळ कृष्ण गोखले २२ ऑक्टोबर १९१२ रोजी याच केपटाऊनच्या धक्क्यावर उतरले होते. आणि नोव्हेंबर १९१३ मध्ये त्याच कराविरुद्ध गांधीजींनी हजारो मजुरांचा मोर्चा ट्रान्सवालच्या सरहद्दीवर नेला. एका बाजूस रानबदामाला संरक्षण आणि दुसऱ्या बाजूस त्या रानबदामाच्या कुंपणाने ज्यांना बाहेर ठेवले त्यांच्या वंशजांना नवे कुंपण, असा हा विरोध आहे. पिअर्सन यांनी तो कायदा केला नव्हता. पण भूमीवर तिच्या मूळच्या रहिवाशांचा पहिला हक्क असतो हे तत्त्व झाडांना लागू करणाऱ्या राज्याला ते माणसांना लागू करावयास आणखी ऐंशी वर्षे लागली. १९९४ मध्ये सर्वांना मताधिकार मिळाला. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला यांनी किर्स्टनबॉशमध्ये एक औषधी देशी झाड लावले. साल सोलून नेणाऱ्यांमुळे त्या जातीची झाडे रानातून नाहीशी होत चालली आहेत.

पिअर्सन यांच्या मागे उद्यान बंद पडले नाही, यातच त्यांच्या पायाभरणीची बळकटी दिसते. मॅथ्यूज यांनी १९३६ पर्यंत बाग सांभाळली. १९१९ मध्ये प्राध्यापक कॉम्प्टन संचालक झाले आणि १९५३ पर्यंत राहिले. उद्यानाची हद्द वाढत वाढत ५२८ हेक्टरांवर गेली. त्यांपैकी सुमारे ३६ हेक्टरांत लागवड आहे आणि बाकीचे मूळ रान राखलेले आहे. २००४ मध्ये केपच्या वनस्पतिक्षेत्राला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात किर्स्टनबॉशचाही समावेश झाला.

जिवंत संग्रहाचा उपयोग काय, याची काही उदाहरणे देतो. फेनबॉसच्या कित्येक जातींचे बी साध्या पेरणीने रुजत नसे. रानात वणवा गेल्यावर मात्र ते उगवे. १९९० च्या सुमारास किर्स्टनबॉशच्या संशोधकांनी दाखवून दिले की त्या बियांना आगीच्या धगीपेक्षाही धुराची गरज असते. बियांना धूर दिला किंवा धुरावलेले पाणी पाजले तरी त्या रुजतात. त्यामुळे जी झाडे बागेत येतच नव्हती ती येऊ लागली. दुसरे उदाहरण एरिका व्हर्टिसिलाटा या झुडपाचे. केपटाऊनच्या सखल वाळवटीत ते उगवे. शहर वाढले तसे ते रानातून पार नाहीसे झाले. १९८४ मध्ये प्रिटोरियातील एका बागेत त्याचे एक झुडूप जिवंत असल्याचे आढळले. मग इतरही जुन्या बागांत शोध झाला, किर्स्टनबॉशमध्ये कलमे केली गेली, आणि दहा वर्षांनी ते झुडूप पुन्हा आपल्या मूळच्या वाळूत लावले गेले. बागेने रानाचे कर्ज फेडले ते असे.

तिसरे उदाहरण दुःखाचे आहे. एन्सेफेलार्टोस वुडी या सायकॅडचा एकच पुंजका १८९५ मध्ये झुलुलँडच्या जंगलात सापडला. तो नर होता. मादी झाड पुढे कोणालाही कधीच सापडले नाही. किर्स्टनबॉशमध्ये आणि जगभरच्या बागांत आज जी झाडे आहेत ती सर्व त्या एकाच झाडाची पिले. ती कोंब फुटून वाढतात, पण बी धरू शकत नाहीत. वेळेवर जतन केले नाही की काय होते, हे सांगण्यासाठी याहून अधिक बोलका पुरावा नको.

आणि आता आरंभीच्या हिशेबाच्या प्रश्नाकडे वळतो. देशी झाडांना किंमत नव्हती म्हणून त्यांचा नाश झाला, असे वर म्हटले. मग त्यांना किंमत आली म्हणजे ती वाचतील काय? सायकॅडची कहाणी याचे उत्तर देते. दुर्मिळ झाड अंगणात मिरविणाऱ्या श्रीमंतांमुळे सायकॅडला चोरबाजारात प्रचंड भाव आला. ज्या झाडाची संख्या कमी, त्याचा भाव जास्त. भाव जास्त म्हणून चोरी जास्त. चोरी जास्त म्हणून संख्या आणखी कमी. २०१४ मध्ये खुद्द किर्स्टनबॉशमधून चोरांनी वीसहून अधिक दुर्मिळ सायकॅड उपटून नेले. मागणी व पुरवठ्याचा नियम आपण पुस्तकात शिकतो. तोच नियम येथे एका जातीला संपविण्याच्या कामी येतो. म्हणजे किंमत नसली तर उपेक्षेने नाश आणि किंमत आली तर लोभाने नाश. या दोहोंच्या मधली वाट एकच आहे, आणि ती आपल्या अभ्यासक्रमात विश्वस्त या नावाने येते. विश्वस्त मालमत्ता सांभाळतो, पण ती त्याची नसते. तो ती विकू शकत नाही आणि वाऱ्यावरही सोडू शकत नाही. जे अजून जन्मलेले नाहीत ते तिचे खरे लाभधारक. पिअर्सन यांनी बिनपगारी संचालकपद स्वीकारले, तेव्हा ते या अर्थाने रानझाडांचे विश्वस्त झाले.

आपल्या भागाचा विचार केल्यावाचून हा लेख संपविणे बरे नव्हे. बेळगावच्या पश्चिमेला खानापूर, जांबोटी, चोर्ला, आंबोलीपर्यंत सह्याद्रीची राने पसरली आहेत. तेथे कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, आमरी झाडाच्या खोडावर डोलते, आणि खर्पुडी म्हणजे कंदीलपुष्पाचा नाजूक वेल पावसाळ्यात चार दिवस दिसून जातो. कंदीलपुष्पाचा हा वंश आफ्रिकेतही आहे आणि आपल्याकडेही. त्याच्या कित्येक जाती मात्र केवळ सह्याद्रीतच आढळतात. त्याचे कंद गोड लागतात म्हणून गुराखी ते खणून खात आले आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात या जाती लावून वाढविल्या गेल्या, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. पण आपल्या रस्त्यांच्या कडेला पाहिले तर गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, आणि कुंपणावरची घाणेरी व माळावरचे काँग्रेस गवत अमेरिकेचे. परदेशी झाड वाईट असे मी म्हणत नाही. किर्स्टनबॉशमध्येही ऱ्होड्सची कापराची झाडे अजून उभी आहेत. मात्र पाहुण्याला ओसरी दिली म्हणून घरच्याला घराबाहेर काढावयाचे नसते.

मित्रहो, आपल्यापैकी फारच थोडे वनस्पतिशास्त्रज्ञ होतील. बहुतेक जण बँकेत, कचेरीत, दुकानात किंवा शाळेत जातील. परंतु पिअर्सन यांच्या उद्यानाला प्रथम जो आधार मिळाला, तो शास्त्रज्ञांइतकाच वर्गणी भरणाऱ्या सामान्य सभासदांचा होता. आपल्या महाविद्यालयाच्या आवारात एक कोपरा रिकामा असतोच. तेथे वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारून, रानातील झाड न उपटता, बी आणून दहा-बारा देशी झाडे लावली, त्यांची मराठी व कन्नड नावे पाटीवर लिहिली, आणि उन्हाळ्याच्या सुटीत त्यांना पाणी घालण्याची पाळी लावली, तर त्याला फारसा खर्च येणार नाही. वाणिज्य मंडळाने हिशेब ठेवावा, विज्ञान मंडळाने झाडे निवडावीत. तीन वर्षांनी आपण येथून जाऊ. पुढे येणारे विद्यार्थी त्या झाडांची फुले पाहतील. पिअर्सन यांनाही आपल्या उद्यानासाठी एवढाच, तीन वर्षांचा, अवधी मिळाला होता.